चिखल, टायब्रेकर आणि मैदानाच्या कडेची माणसे : मुंबईच्या शालेय फुटबॉलचा इतिहास, वाकोल्याकडून पाहिलेला

मुंबई शालेय क्रीडा संघटना १८९३ सालची. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला, तेच वर्ष. एकोणिसावे शतक संपायच्या आत हॅरिस ढालीचे सामने सुरू झाले, १९०१ मध्ये धाकट्या मुलांसाठी गाईल्स ढाल आली, आणि संघटनेच्या नावाला क्रिकेट जे चिकटले ते आजवर सुटलेले नाही. १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेविअर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागी केली. २०१३ मध्ये रिझवी स्प्रिंगफील्डच्या पृथ्वी शॉने एकट्याने ५४६ धावा कुटल्या. हे आकडे मुंबईतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात.

याच संघटनेचा फुटबॉलही याच आझाद मैदानावर चालतो. पण त्यातला एखादा आकडा विचारा, समोरचा डोके खाजवतो. क्रिकेटच्या सामन्यामागे स्कोअरबुक उरते. प्रत्येक चेंडूचे टिंब त्यात असते, पन्नास वर्षांनीही कुणी ते उघडून डाव पुन्हा उभा करू शकतो. फुटबॉलच्या सामन्यामागे उरते ते '१-०', फार तर गोल करणाऱ्याचे नाव. बाकीचा सगळा सामना कडेला उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यात बसून घरी जातो. त्यामुळे शालेय फुटबॉलचा इतिहास लिहायचा तर तो चाहत्यांच्या तोंडूनच घ्यावा लागतो. आणि चाहता हा साक्षीदार म्हणून फारसा भरवशाचा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. हरलेल्या उपांत्य फेरीत त्याच्या शाळेचा बॉल नेहमीच पोस्टला लागलेला असतो.

मुंबईत हा खेळ आणला गोऱ्या पलटणींनी. रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला आणि पहिल्यांदा जिंकला तो वूस्टर रेजिमेंटने. पुढे कितीतरी वर्षे चषक लष्कराच्याच कपाटात राहिला. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सने तो जिंकला तेव्हा कुठे ती परंपरा मोडली. १९०२ मध्ये मुंबईत फुटबॉल असोसिएशन झाली, हारवूड लीग सुरू झाली, आणि १९११ मध्ये रोव्हर्सची समिती व ही असोसिएशन एकत्र येऊन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन उभी राहिली. पलटणींचा खेळ शाळांमध्ये उतरवला तो मिशनऱ्यांनी. माझगावची सेंट मेरीज, वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस, पुढे माटुंग्याची डॉन बॉस्को या शाळांच्या पटांगणात संध्याकाळी फादरच झगा खोचून शिट्टी घेऊन उतरत. ज्या मराठी शाळांना पटांगण नव्हते त्यांनी खो-खो, लंगडी आणि कबड्डी राखली. हा फरक आवडीनिवडीचा कमी आणि चौरस फुटांचा जास्त होता.

सांताक्रूझ पूर्वेचा वाकोला या नकाशात दोन्हींच्या मध्ये बसतो. महसुली कागदांत हा सगळा भाग मौजे कोळेकल्याण. शेजारच्या कलिन्यातले अवर लेडी ऑफ इजिप्त हे चर्च सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचे, आणि वाकोल्यातले सेंट अँथनी चर्च व त्याच्या आवारातली शाळा तर पत्ता सांगण्याच्या खुणाच झाल्या आहेत. गावठाणातले ईस्ट इंडियन, त्यांची ती मराठी, कोकणातून आलेले गिरणी आणि विमानतळाचे कामगार, गोव्याकडची आणि मंगळूरची कुटुंबे, मशिदीभोवतीची मुस्लिम वस्ती असे सगळे नेहरू रोड आणि दत्त मंदिर रोडच्या आसपास एकमेकांच्या खिडक्यांत डोकावत राहिले. एका बाजूला हायवे, एका बाजूला विमानतळ, पलीकडे लष्कराची हद्द आणि विद्यापीठाचे आवार. मोकळी जागा डोळ्यांना चिक्कार दिसायची, पण तिच्याभोवती तारेचे कुंपण असायचे. चर्चच्या आवारातले रिंक फुटबॉल, गल्लीतले पाच-पाचचे सामने आणि सुट्टीत मिळेल त्या कोपऱ्यावर चपलांचे गोल करून खेळणे, एवढ्यावर इथल्या मुलांचा पाया तयार होई. अशा जागेत वाढलेल्या मुलाचा पहिला टच उत्तम असतो, कारण बॉल नाल्यात गेला तर तोच काढायला जातो. लांब पास मात्र त्याला आझाद मैदानावर गेल्यावरच शिकावा लागतो.

आझाद मैदानावर जायचे म्हणजे गाडी. सांताक्रूझ पूर्वेला येऊन अंधेरीकडून सुटलेली हार्बरची सीएसएमटी लोकल पकडली की कुठे बदलावे लागत नाही. किंग्ज सर्कल, वडाळा करत ती थेट मैदानासमोर उतरवते. वेस्टर्नने गेलात तर चर्चगेटवरून चालत यायचे. किट बॅग घेतलेली पंधरा-सोळा मुले, पी.टी.चे सर, बॉलची जाळी, बर्फाची पिशवी आणि ग्लुकोजचा डबा असा हा सगळा ऐवज दुपारच्या डब्यात चढतो. दुपारची गाडी म्हणून निभावते. परतीची संध्याकाळी ज्या दिशेने जाते त्या दिशेला अख्खी मुंबई जात असते, आणि चिखलाने माखलेल्या मुलांना डब्यात कुणी टेकू देत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत जाऊ लागली. तिचे विद्यानगरी स्थानक कलिन्याच्या अंगाला आहे आणि सीएसएमटीचे मैदानाच्या अंगाला. एसी गाडीत स्टडला लागलेला चिखल घेऊन कसे बसायचे, हा प्रश्न वाकोल्याच्या मुलांपुढे नव्याने उभा आहे.

चिखल हा या इतिहासातला मुख्य पदार्थ. पाऊस लागला की क्रिकेट थांबते; मुंबईत शाळांचा फुटबॉल पावसाबरोबर सुरू होतो. जून-जुलैत क्रिकेटच्या खेळपट्ट्यांवर ताडपत्र्या पडतात, मैदान मोकळे होते, आणि ते फुटबॉलला मिळते. म्हणजे क्रिकेटचा उरलेला वेळ, उरलेली जागा. सांताक्रूझची वेधशाळा वाकोल्याच्या शेजारी. २६ जुलै २००५ ला तिने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला आणि वाकोला नाल्याने लोकांच्या पहिल्या मजल्यांची पायरी चढली. एवढा नाही, पण हंगामात दर आठवड्याला मैदान बुडवायला पुरेल एवढा पाऊस पडतोच. गोलपोस्टच्या समोर, कीपर जिथे पुढे-मागे करतो तिथे, पहिल्या पंधरा मिनिटांत गवत जाते आणि घोट्याएवढा खड्डा होतो. बाद फेरीपर्यंत त्या खड्ड्याला स्वतःचा स्वभाव आलेला असतो. सरळ येणारा बॉल तिथे येऊन बसतो, आणि बसेल असे वाटणारा निसटून कीपरच्या पायांतून जातो. जुने चाहते टॉसच्या वेळी बघतात ते एवढेच, की आपला कीपर पहिल्या हाफला कुठल्या टोकाला.

स्पर्धेची रचना सोपी आहे. वयोगट, त्यात डिव्हिजन, डिव्हिजनमध्ये आधी गट आणि मग बाद फेरी. चांगली कामगिरी झाली तर शाळा वरच्या डिव्हिजनला चढते, नाही झाली तर खाली येते. गटातले सामने बघायला दुसऱ्या शाळेची मुलेही येत नाहीत. कडेला राखीव खेळाडू, त्यांच्या बॅगा सांभाळणारा एक धाकटा, आणि ऑफिसातून लवकर निघालेले दोन वडील. उपउपांत्य फेरीत मात्र माणसे कुठून येतात कोण जाणे. मोटारसायकलवर टांग टाकून माजी विद्यार्थी येतात, फोर्टात नोकरीला असलेले 'लंच' वाढवून येतात, पॅरिशमधले एखादे अंकल छत्री उलटी झाली तरी हलत नाहीत. सोळा वर्षांच्या मुलांच्या सामन्यात चाळीस वर्षांची माणसे 'मॅन ऑन!', 'अरे क्लिअर कर, खेळत काय बसलास!' म्हणून घसा फोडतात, आणि मुले त्यातले एकही वाक्य ऐकत नाहीत. ऐकले असते तर हरली असती, कारण कडेवरून एका वेळी किमान तीन परस्परविरोधी सूचना येत असतात.

मग टायब्रेकर. सगळा चिखल, सगळी गर्दी पाच-पाच पेनल्ट्यांवर येऊन थांबते. सर यादी करतात, मुले खांद्यावर हात टाकून रांग धरतात, आणि पाचवी पेनल्टी कोण घेणार याची कुजबुज आधी कडेला सुरू होते. चिखलात स्पॉटच दिसत नाही म्हणून रेफरी बुटाने जागा दाखवतो. मुलगा तिथली माती हाताने सारखी करून बॉल ठेवतो, बॉल एक बोट सरकतो, तो पुन्हा ठेवतो. उभा पाय घसरला की बॉल क्रॉसबारवरून थेट पलीकडच्या क्रिकेटच्या पिचवर. जिंकलेला संघ कीपरवर उड्या मारतो. ज्याची पेनल्टी गेली त्या मुलाचे नाव मात्र शाळेत पुढची दहा वर्षे राहते, आणि ही गोष्ट चाहत्यांच्या बाजूने फारशी कौतुकाची नाही. पाच सामन्यांत ज्याने बचाव सांभाळला त्याची ओळख 'तो नाही का, बाहेर मारलेली' अशी होऊन बसते.

अशा आठवणींचा सगळ्यात मोठा नमुना भारतीय फुटबॉलमध्येच आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या भारतीय संघाने फ्रान्सला झुंजवले, १-२ ने हरला, आणि त्या सामन्यात भारताने दोन पेनल्ट्या घालवल्या. त्यातली एक सैलेन मन्नांची. पुढे मन्नांनी भारताला १९५१ च्या आशियाई खेळांत सुवर्ण जिंकून दिले, तरी लंडनची पेनल्टी निघतेच. उलट १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवताना हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या मैदानांत वावरलेला खेळाडू. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई, आणि तो संघ चौथा आला. वांद्र्यातल्या फुटबॉल टर्फला आज त्याचे नाव आहे. टर्फवर खेळणाऱ्या मुलांना तो कोण हे विचारले तर काय उत्तर येते, ते इथे न लिहिलेलेच बरे.

हरल्यावर चाहते काय बोलतात याचा एक ठरलेला क्रम आहे. मैदानापासून स्टेशनपर्यंत पाऊस आणि खड्डा. तिकिटाच्या रांगेत रेफरी. डॉकयार्डपर्यंत ऑफसाइड. आणि वडाळ्याच्या पुढे, आवाज खाली आणून, वय. 'त्यांची पोरं सोळाची होती काय? एकाला मिशी होती.' हा आरोप प्रत्येक शाळा दुसऱ्या शाळेवर करते, त्यामुळे गंभीरपणे घ्यावा की नाही हा प्रश्न पडतो. पण आजार खराच आहे. देशपातळीवरच्या सुब्रतो चषकात मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढतात आणि वय जास्त निघाल्यामुळे संघच्या संघ घरी पाठवल्याचे प्रसंग घडले आहेत. दाखल्यावरच्या तारखेपेक्षा मनगटावर जास्त विश्वास ठेवावा लागतो, आणि खोटी तारीख पालकांच्या संमतीशिवाय लागत नाही, ही गोष्ट मात्र वडाळ्याच्या पुढच्या चर्चेत कुणी काढत नाही.

सुब्रतो चषक हे शालेय फुटबॉलमधले सगळ्यात वरचे टोक. भारताचे पहिले भारतीय हवाईदलप्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या कल्पनेतून ही स्पर्धा १९६० मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकियोत त्यांचा मृत्यू झाला. तिथे पोहोचण्याचा रस्ता संघटनेच्या स्पर्धेतून जात नाही, तो सरकारी शालेय स्पर्धेतून जातो. जिल्हा, विभाग, राज्य, मग दिल्ली. इथे वाकोल्याचे गणित बदलते. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे वाकोल्याची शाळा संघटनेच्या स्पर्धेत माझगाव, माटुंगा आणि फोर्टाच्या शाळांशी आझाद मैदानावर भिडते, आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या स्पर्धेत वांद्र्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतच्या शाळांशी. एकाच पावसाळ्यात दोन कॅलेंडरे, त्यातच घटक चाचणी. राज्यपातळी गाठली तर दहावीला क्रीडा सवलतीचे गुण. त्यामुळे विभागाच्या सामन्याला पालकांची हजेरी संघटनेच्या फायनलपेक्षा जास्त असली तर त्यात आश्चर्य नाही. याला कुणी व्यवहार म्हणेल. म्हणोत. त्या गुणांच्या आशेवर कित्येक घरांतून मुलांना बूट मिळाले आहेत.

पूर्वी आशा वेगळी होती. मुंबईत कंपन्यांचे संघ होते. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, आरसीएफ, महिंद्र. शाळेच्या बाद फेरीत चमकलेला मुलगा कॉलेजातून कंपनीत जाई आणि नोकरीला लागे. वाकोला-कलिन्याला तर एअर इंडियाची वसाहतच लागून, तिच्या संघातले खेळाडू बाजारात भाजी घेताना दिसत. मुलाला फुटबॉलमध्ये घालावे की नाही यावर घरात वाद झाला की असा एखादा शेजारी पुरावा म्हणून दाखवता येई. २००७ मध्ये आय-लीग सुरू झाली तेव्हा एअर इंडिया त्यात होती. १९६२ पासून चाललेल्या महिंद्रने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि चारच वर्षांनी, २०१० मध्ये, संघ बंद केला. २०१३ मध्ये क्लबच्या नव्या निकषांत न बसल्यामुळे एअर इंडियाही आय-लीगमधून गेली. २०१४ मध्ये मुंबई सिटी आली, पुढे अंधेरीच्या स्टेडियमवर खेळू लागली, २०२०-२१ मध्ये लीग शील्ड आणि चषक दोन्ही घेऊन गेली. मुलांना आता तिकीट काढून बघायला घरचा संघ आहे आणि टीव्हीवर युरोप आहे. भाजीच्या रांगेत भेटणारा फुटबॉलपटू मात्र गेला. शाळेच्या सामन्याला येणाऱ्या वडिलांच्या पिढीला सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटते.

जगात शाळकरी मुलांच्या खेळामागे माणसे किती वेडी होतात हे बघायचे तर टेक्सासमधल्या ओडेसा गावाचे उदाहरण देतात. तिथला फुटबॉल हातात घेऊन पळायचा, पण बाद फेरीचा ताप तोच. पर्मियन हायस्कूलच्या संघासाठी १९८२ मध्ये जे स्टेडियम बांधले त्यात सुमारे १९,००० माणसे बसतात. १९८८ मध्ये तीन शाळा बरोबरीत आल्या, बाद फेरीत कोण जाणार हे नाणे उडवून ठरले, पर्मियन गेली, आणि राज्याच्या उपांत्य फेरीत डॅलसच्या कार्टर शाळेकडून ९-१४ अशी हरली. कार्टरने पुढे विजेतेपद मिळवले. १९९१ मध्ये ते काढून घेतले गेले, कारण तिच्या एका खेळाडूच्या बीजगणिताच्या गुणांवरून वाद होता! हे वाचून दादर-परळमधल्या कुठल्याही गणिताच्या बाईंना समाधान वाटेल. जपानमध्ये शाळांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा १९१८ पासून आहे आणि नव्या वर्षाच्या सुट्टीत सगळा देश ती टीव्हीवर बघतो. तिथल्याच शालेय बेसबॉलमध्ये हरलेली मुले कोशिएन मैदानाची माती पिशवीत भरून आठवण म्हणून घरी नेतात. आझाद मैदानाची माती नेण्यासाठी पिशवी लागत नाही. ती स्टडमधून, मोज्यांतून आपोआप वाकोल्यात पोहोचते आणि आई ती बाथरूममध्ये ब्रशने घासत बसते.

महाराष्ट्रात असा वेडा प्रेक्षक हवा तर कोल्हापूरला जावे लागते. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही तालमींची आणि पेठांची नावे शाहू स्टेडियमवर जर्सी घालून उतरतात, आणि पेठेतले आजोबाही आपल्या संघाची अकरा नावे सांगतात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच जिल्ह्यातला. कोल्हापूरचा चाहता पेठेचा असतो आणि पेठ जन्मभर सुटत नाही. मुंबईचा चाहता शाळेचा असतो. दहावी झाली की त्याचा धागा सैल पडतो. बाद फेरीच्या दिवशी तो पुन्हा घट्ट होतो, पण तेवढ्यापुरताच. संघटनेला प्रेक्षक मिळत नाहीत याचे कारण मैदान लांब आहे एवढेच नाही. दर तीन वर्षांनी संघातला एकूणएक चेहरा बदलतो, आणि चाहत्याला ओळखायला कुणी उरत नाही.

मुलींच्या सामन्यांनी या चित्रात अलीकडे भर घातली आहे. संघटनेच्या स्पर्धांत मुलींचे गट आता नियमित होतात, सुब्रतो चषकातही मुलींची स्पर्धा आहे. मुलींच्या सामन्याच्या कडेला आया जास्त दिसतात, आणि त्यांनी कधी फुटबॉल खेळलेला नसल्यामुळे त्या सूचना देत नाहीत, फक्त टाळ्या वाजवतात. खेळावर याचा परिणाम चांगलाच होतो असे प्रशिक्षकांकडे पाहून तरी वाटते.

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर कोझिकोडच्या फारूक हायर सेकंडरी शाळेने सतरा वर्षांखालील मुलांचा सुब्रतो चषक २-० ने जिंकला. फुटबॉलसाठी रस्त्यावर मेस्सी-नेमारचे कटआउट उभारणाऱ्या केरळला तो पहिल्यांदाच मिळाला, स्पर्धा सुरू झाल्यानंतर ६५ वर्षांनी. उपनगर जिल्ह्याच्या शाळांना त्या मैदानापर्यंत जायचे तर आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. आणि त्या रस्त्यावर कोल्हापूर आणि पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेली मुले उभी असतात. वाकोल्यातल्या शाळांच्या नोटीस बोर्डावर दर जुलैत निवड चाचणीची तारीख लागते. चाचणीला साठ-सत्तर मुले येतात, सोळा घेतात, आणि पहिला प्रश्न असतो तो बुटांचा.